दहा बोटांच्या नोंदीतून सात बोटांच्या बाईचे नाव काढण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
गुन्हे अभिलेख कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : निर्दोष सुटलेल्या अर्जदाराची गुन्ह्याची नोंद या महिन्याच्या एकोणीस तारखेच्या आत, अर्जदाराच्या खऱ्या बोटांवरून काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे पत्र, "ठसे जुळत नाहीत".
२) तेच पत्र, दुसऱ्यांदा.
३) भरपाई कार्यालयाचे पत्र, "बोटे शाबूत असल्याचे दिसते".
४) आपल्या खिडकी क्रमांक चारवर गेल्या गुरुवारी मिळालेला तोंडी सल्ला, जो लेखी द्यायला कोणी तयार नाही.

महोदय, अथवा हा कागद पोहोचेल तेव्हा त्या खुर्चीवर जे कोणी असतील ते,

१. अर्जदार, वय वर्षे एकोणपन्नास, इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या धुलाईखान्यात एकोणीस वर्षे कामाला होती. सुरुवात कपड्यांना कांजी घालण्यापासून झाली म्हणून तिथे तिला कांजीबाई म्हणत. स्वभावही तसाच कडक आहे, हे लोकांना मागाहून कळले. शाळा चौथीपर्यंत. पुढचे लिहिणे-वाचणे गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या, रद्दीतली पुस्तके आणि गेल्या दीड वर्षात आपल्यासारख्या कार्यालयांकडून आलेली पत्रे यांवरून घरच्या घरी झाले. तेव्हा या अर्जाची भाषा आपल्याच घरची आहे. कुठे बोजड वाटली तर अर्जदाराचा नाइलाज आहे. अर्ज डाव्या हाताने लिहिला आहे. अक्षर तिरके येते ते त्यामुळे.

२. अर्जदाराची धाकटी बहीण मागच्या वर्षी आजारात गेली. तिची मुलगी आठ वर्षांची आहे. सतत काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असते म्हणून तिला मुंगी म्हणतात. मुंगी सध्या बालगृहात आहे आणि अर्जदाराला ती रविवारी दोन तास भेटते. एकोणीस तारखेला बालगृहाची समिती बसणार आहे. मुलगी मावशीच्या हवाली करायची, की ती सज्ञान होईपर्यंत एका दिवसाच्या प्रवासावर असलेल्या मोठ्या संस्थेत पाठवायची, याचा निकाल त्या दिवशी लागेल. समितीने अर्जदाराची खोली पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले, खाटा मोजल्या, शेजारणीला खोदून खोदून विचारले. सगळे पसंत पडले. अडते ते एकाच ठिकाणी. अर्जदाराच्या चारित्र्याच्या दाखल्यावर 'गुन्हा : एक. मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान' अशी ओळ येते, आणि ती ओळ असेपर्यंत मुलगी देता येत नाही. समितीच्या बाई मनाने वाईट नाहीत. "माझ्या हातात असतं ना, तर आजच नेलं असतंत तिला," असे त्या म्हणाल्या. हात हा शब्द लोकांच्या तोंडी किती सहज येतो, ते अर्जदाराच्या अलीकडे ध्यानात येऊ लागले आहे.

३. आता तो गुन्हा. धुलाईखान्यात रोलरची इस्त्री आहे. दोन तापलेले रूळ एकमेकांवर फिरतात. ओली चादर एका बाजूने द्यायची, ती दुसऱ्या बाजूने कोरडी कडक होऊन बाहेर येते. यंत्र जागच्या जागी थांबवायला कडेच्या बटणांच्या पेटीवर एक लाल बटण आहे. येता-जाता कोणाचे तरी कोपर त्याला लागे, यंत्र थांबे, काम खोळंबे. म्हणून सुपरवायझर साहेबांनी त्या बटणावर पत्र्याची डबी पालथी घालून वरून चिकटपट्टीचे चार वेढे दिले होते. त्या दिवशी एका चादरीची शिवण दुमडली. ती सरळ करायला अर्जदाराने उजवा हात पुढे केला, आणि चादरीने बोटे आपल्याबरोबर आत नेली. समोरची बाई "बटण! बटण!" ओरडत नखांनी चिकटपट्टी ओरबाडत होती. ती सुटेना. ओल्या चादरी टाकीतून ओढायची लोखंडी सळई अर्जदाराच्या डाव्या बाजूला होती. ती उचलून अर्जदाराने बटणांच्या पेटीवर दोन घाव घातले. दुसऱ्याला यंत्र थांबले.

तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशी तीन बोटे डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी काढली. अंगठा आणि करंगळी वाचली. करंगळी कशी वाचली, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. तिची पहिल्यापासूनची रीतच ती, काम दिसले की बाजूला उभे राहायचे.

४. दुसऱ्या दिवशी मालकांनी बटणांची पेटी फोडली म्हणून फिर्याद दिली. बोटांबद्दल फिर्यादीत एक अक्षर नव्हते. सरकारने अर्जदाराला एक वकीलताई मोफत नेमून दिल्या. त्यांनी कोर्टात सुपरवायझर साहेबांना विचारले, "बटणावर डबी कोणी घातली?" ते म्हणाले, "डबी आधीपासूनच होती." "आधीपासून म्हणजे? यंत्राबरोबर आली का?" त्यावर साहेबांनी मालकांकडे पाहिले, मालकांनी छताकडे पाहिले, आणि खटला तिथेच बसला. आपला हात सोडवण्यासाठी पेटी फोडणे हा गुन्हा नव्हे, असे निकालात लिहिले आहे. निकालाची प्रत सोबत आहे. अर्जदाराने ती इतक्यांदा वाचली आहे की घडीवर फाटली. मागून कागद लावला आहे.

५. तरी नोंद का निघत नाही, हे समजण्यासाठी अटकेचा दिवस पाहावा लागेल. अपघाताच्या चौथ्या दिवशी अर्जदाराला इस्पितळातून सोडले आणि दारातूनच चौकीत नेले. उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत गुंडाळलेला, कोबीच्या गड्ड्यासारखा. ठसे घेणारे हवालदार वयस्क होते. त्यांनी डाव्या हाताची पाच बोटे एकेक करून शाईत बुडवून पाच रकान्यांत उमटवली. मग तीच पाच बोटे पुन्हा शाईत बुडवली आणि उजव्या हाताच्या रकान्यांवर ठेवू लागले.

अर्जदार म्हणाली, "अहो, तो डावाच आहे."

"कळतंय हो मला," हवालदार म्हणाले. "पण रिकामा रकाना वरची माणसं घेत नाहीत. फॉर्म परत येतो. मग तुम्हाला पुन्हा आणायचं, पुन्हा बसवायचं. या अवस्थेत पुन्हा येणार आहात का तुम्ही?"

नंतर त्यांनी अर्जदाराची बोटे स्वतः चिंधीने पुसून दिली, कारण पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता. त्या चार दिवसांत इतक्या हळू हाताने कोणी वागले नव्हते, म्हणून अर्जदार गप्प राहिली. तिची चूक झाली असेल तर ती एवढीच.

६. निर्दोष सुटल्यावर अर्जदाराने नोंद काढण्यासाठी आपल्याकडे अर्ज केला. नियम असा की नव्याने ठसे द्यायचे. ते जुन्याशी जुळले की नोंद निघते. खिडकी क्रमांक चारवर अर्जदाराने सात ठसे दिले. तिथल्या साहेबांनी कागद पाहिला.

"तीन रकाने रिकामे आहेत."

"बोटं नाहीत, साहेब."

"आमच्याकडे दहा आहेत."

"मग माझी तीन परत द्या की."

साहेब हसले नाहीत. अर्जदाराला मात्र हसू आले. पंधरा दिवसांनी आपले पत्र आले : नोंदीतील व्यक्ती आणि अर्जदार एक नाहीत, तरी नोंदीतील व्यक्तीने दहा बोटांसह स्वतः हजर राहावे.

अर्जदार पत्र घेऊन पुन्हा खिडकीवर आली. ती व्यक्ती मी नव्हेच, असे तुम्हीच लिहिले आहे, तर माझा दाखला कोरा द्या, असे तिने म्हटले. उत्तर मिळाले, "दाखला नावावर निघतो. नोंद ठशांवर पुसली जाते. दोन वेगळी टेबलं आहेत, बाई." टेबले खरोखरच दोन आहेत. मध्ये एक हाताचेही अंतर नाही. चहा दोघांना एकाच ट्रेमध्ये येतो.

७. दरम्यान अर्जदाराने दुखापतीच्या भरपाईसाठीही अर्ज केला होता. त्या कार्यालयाने आपल्याकडून ठशांचा कागद मागवला आणि कळवले की अपघातानंतर चौथ्या दिवशी अर्जदाराची दहाही बोटे शाबूत असल्याचे पोलीस अभिलेखावरून दिसते. सबब बोटे त्यानंतर व अन्यत्र गेली असावीत. ती कोठे व कशी गेली याचा अर्जदाराने खुलासा करावा. डॉक्टरांच्या दाखल्यावर बोटे काढल्याची तारीख आहे, वेळसुद्धा आहे. तो पुढे केला तर म्हणाले, "डॉक्टरांच्या कागदापेक्षा पोलिसांचा कागद आम्ही वरचा धरतो."

म्हणजे एका कार्यालयात अर्जदाराची तीन बोटे कमी भरतात म्हणून काम होत नाही आणि दुसऱ्यात तीन जास्त भरतात म्हणून होत नाही. आणि दोघांच्या पुढ्यात अर्जदार हात घेऊन उभी असते. हात कोणी पाहत नाही. एकदा अर्जदाराने तो खिडकीच्या आत घातला, तर साहेब म्हणाले, "मावशी, कागद द्या, हात नको."

८. पुन्हा वकील मिळावा म्हणून अर्जदार मोफत साहाय्य कक्षात गेली. तिथे कळले की नेमणूक निकालापर्यंतच असते. आरोपीला वकील मिळतो. निर्दोष ठरलेल्या माणसाला देण्याची तरतूद नाही. वकीलताईंना हे ऐकून लाज वाटली, तसे त्यांच्या तोंडावर दिसले. हा अर्ज त्यांनी आपल्या जेवणाच्या सुट्टीत कोर्टाच्या पायरीवर बसून वाचला आणि फक्त दोन शब्द खोडले. ते दोन शब्द आपल्या कार्यालयाविषयी होते.

त्याच ताई निवृत्त झालेल्या त्या हवालदारांकडेही जाऊन आल्या. हवालदार म्हणाले, "त्या बाईंचं आठवत नाही, पण केलं असेल. हाताला पट्टी असलेल्या सगळ्यांचं मी तसंच करायचो." लिहून द्या म्हटल्यावर त्यांनी पेन्शनचे कारण सांगितले आणि चहा केला. तेव्हा आपल्या कपाटांत दोन डावे हात असलेली आणखी किती माणसे पडून आहेत, ते आपण सवडीने पाहावे. अर्जदाराला सवड नाही.

९. आता गेल्या गुरुवारचे. लिहायला संकोच वाटतो, पण लपवले तर मग आपल्यात आणि अर्जदारात फरक काय राहिला?

चौथ्यांदा खिडकीवर पाहून साहेबांना दया आली असावी. त्यांनी आवाज खाली आणला. "मावशी, एवढं काय डोकं लावताय? तेव्हा केलंत तसंच आत्ता करा. डावाच हात दोनदा. टकाटक जुळेल. सोमवारी कोरा दाखला घेऊन जा." एवढे बोलून त्यांनी शाईची गादी आणि नवा फॉर्म पुढे सरकवला. खाली छापलेले होते : 'वरील ठसे माझ्या स्वतःच्या दहा बोटांचे असून, ते खोटे आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.'

साहेबांनी पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर निदान ती ओळखीची घाण होती.

अर्जदाराने डाव्या हाताची तर्जनी शाईत बुडवली. हे ती कबूल करते. त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे घरातली दुसरी खाट होती, जिच्यावर अजून कोणी झोपलेले नाही. मागच्या रविवारी मुंगीने विचारले होते, "मावशी, एकोणीसला मी आधीपासूनच बूट घालून बसू, की तू आल्यावर घालू?" असे विचारणारे पोर घरी आणायला एक बोट दोनदा टेकवायचे, त्यात काय मोठे, असे कोणाच्याही मनात येईल. अर्जदाराच्याही आले.

मग त्याच रविवारचे दुसरे आठवले. मुंगीने मावशीचे दोन्ही पंजे कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली होती. डाव्याभोवती सरसर गेली. उजव्याला अंगठा झाला आणि पेन्सिल थांबली. "मावशी, इथे काय काढू?" अर्जदार म्हणाली, "आहे तेच काढ." तिने जीभ बाहेर काढून, अगदी सावकाश, तीन खुंट काढले आणि मग करंगळी. वर म्हणाली, "सात बोटांवर तू आठवी गोष्ट कशी मोजणार?" अर्जदार म्हणाली, "तेव्हा तुझं बोट धरीन."

जिला 'आहे तेच काढ' म्हटले, तिला घरी आणायला दहा बोटांवर सही करायची. शिवाय ती सही झाली की भरपाईचा अर्ज कायमचा मेला. अर्जदाराची बोटे कधी गेलीच नाहीत, हे तिनेच लिहून दिले असे झाले. आणि पुढे कोणी हात पाहिला, तर खोट्या ठशांचा गुन्हा. या खेपेस तो खरा असेल.

महोदय, अर्जदाराने एकोणीस वर्षे इस्पितळाच्या चादरी हाताळल्या. रक्ताच्या, पुवाच्या, माणूस जाताना जे जे सुटते त्या सगळ्याच्या. नवीन आलेल्या मुली नाकाला पदर लावत, ओकाऱ्या काढत. अर्जदाराने कधी तोंड वळवले नाही. मळलेली चादर आपण मळलेले आहोत हे लपवत नाही, म्हणून ती धुता येते. गुरुवारी मात्र त्या स्वच्छ, पांढऱ्या, कोऱ्या फॉर्मकडे पाहून अर्जदाराने तोंड वळवले. तिने बोट फॉर्मला न लावता मागे घेतले आणि आपल्या मजल्यावरच्या नळाखाली धरले. तिथे साबण नाही. शाई नखाच्या कडेला अजून आहे. साहेब मागून म्हणाले, "तुमच्याच भल्याचं सांगत होतो." तीच दया, तोच फॉर्म. एकदा पुसून घेतलेल्या बोटांना पुन्हा तीच चिंधी नको वाटली.

१०. अर्जदाराला दया नको. एक मिनिट हवे आहे. अर्जदाराच्या डाव्या अंगठ्यावर इस्त्रीच्या चटक्याचा चंद्रकोरीसारखा व्रण आहे. कामाच्या पहिल्या वर्षातला. आपल्या कपाटातल्या जुन्या कागदावर तो व्रण डाव्या अंगठ्यावर आहे, आणि उजव्या अंगठ्यावरही आहे. खिडकीवर साहेबांनी कागद फिरवला तेव्हा अर्जदाराने तो पाहिला. कागद तिच्याकडून उलटा होता, पण खिडकीच्या बाहेर उभे राहून उलटे वाचायची आता सवय झाली आहे. ज्या बाईच्या दोन्ही अंगठ्यांवर एकाच जागी, एकाच बाजूला वळलेला, एकाच मापाचा चटका आहे, अशी बाई जगात नाही. हे पाहायला यंत्र लागत नाही, समिती लागत नाही. आपण तो कागद स्वतः हातात घ्यावा, उजेडाकडे धरावा आणि दोन अंगठे पाहावेत. तिसरा अंगठा लागलाच तर अर्जदार स्वतः घेऊन येईल.

ते पाहिल्यावर, उजव्या हाताचे पाचही ठसे डाव्याचेच असल्याचे आपल्या सहीने लिहावे, नोंद काढावी आणि त्याची प्रत भरपाई कार्यालयास पाठवावी. एकोणीस तारीख उलटल्यावर नोंद निघाली तर तिचा उपयोग फक्त आपल्या कपाटाला होईल. सोमवारपासून अर्जदार रोज सकाळी दार उघडायच्या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसेल. कोणाला काही विचारणार नाही. हात मांडीवर ठेवून बसेल, म्हणजे येता-जाता दिसेल.

संयम अजून थोडा शिल्लक असलेली,

अर्जदार
(सही, डाव्या हाताची)
कांजीबाई, माजी इस्त्री कामगार
दिनांक : चालू महिन्याची अकरा

प्रत माहितीसाठी : १) भरपाई कार्यालय. २) मोफत साहाय्य कक्ष, निर्दोष माणसांची तरतूद झाल्यास कळवावे.

सोबत :
१) निकालाची प्रत, मागून कागद लावलेली.
२) बोटे काढल्याचा डॉक्टरांचा दाखला, तारीख व वेळेसह.
३) बालगृहाच्या समितीचे पत्र.
४) अर्जदाराच्या दोन्ही पंजांचे चित्र, काढणारी वय वर्षे आठ. शिक्का मारू नये. ते परत हवे आहे.
५) अर्जदाराच्या सर्व बोटांचे ठसे, एकूण सात, कपड्यांच्या निळीत. तीन रकाने रिकामे आहेत. ते कोणीही भरू नयेत.